क्षम्य कोणीं म्हणावें?

कांहीं शब्द असे असतात कीं, ते आपल्या तोंडीं रोज येतात. पण त्यांचा अर्थ कोणी विचारला तर आपण क्षणभर घुटमळतों. 'क्षम्य' हा असाच एक शब्द आहे. वर्तमानपत्रांत रोज कोणाचें तरी 'अक्षम्य दुर्लक्ष' झालेलें असतें. परीक्षक उत्तरपत्रिका तपासतांना एक चूक क्षम्य मानतो आणि दुसरीचे गुण कापतो. लग्नाला न आलेल्या नातलगाचें न येणें एकाला क्षम्य वाटतें, दुसऱ्याला वाटत नाहीं, आणि तेवढ्यावरून दोन घरांतलें जाणेंयेणें दहा दहा वर्षें बंद पडतें. ज्याच्यावर इतकें अवलंबून आहे तो शब्द नेमकें काय सांगतो, हें आज आपण पाहूं. मी आयुष्यभर शाळेंत मराठी शिकविलें. मी पंडित नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं. परंतु या एका शब्दाचें मी देणें लागतों. तें कोणतें, हें शेवटीं सांगेन.

प्रथम शब्दाचें मूळ पाहूं. 'क्षम्य' हा शब्द 'क्षम्' या संस्कृत धातूपासून झाला. पाणिनीय परंपरेंतील धातुपाठांत या धातूचा अर्थ सहन करणें असा दिला आहे. विसरणें, पुसून टाकणें, सोडून देणें यांपैकीं एकही अर्थ तेथें नाहीं. जो भार सोसतो तो क्षमा करतो, एवढेंच तो धातु सांगतो. म्हणूनच संस्कृतांत पृथ्वीलाही 'क्षमा' म्हणतात, आणि तिचें आणखी एक नांव 'सर्वंसहा' असें आहे. आपण तिच्यावर नांगर चालवितों, विहिरी खणतों, इमारती उभारतों, ती सोसते. याच धातूपासून 'क्षम' म्हणजे समर्थ हा शब्द निघाला, आणि त्यावरून सक्षम, अक्षम, कार्यक्षम, क्षमता हे आपले नित्याचे शब्द आले. सोसण्याची शक्ति आणि काम करण्याची शक्ति यांचें मूळ ज्या भाषेनें एक मानलें, त्या भाषेनें क्षमा हें दुबळेपणाचें लक्षण मानलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां शेवटचा 'य' पाहूं. 'गम्' पासून गम्य, 'रम्' पासून रम्य, 'लभ्' पासून लभ्य, त्याचप्रमाणें 'क्षम्' पासून क्षम्य. या 'य' नें योग्यता किंवा शक्यता दाखविली जाते. लभ्य म्हणजे मिळण्याजोगें, मिळालेलें नव्हे. गम्य म्हणजे जेथें जातां येईल असें. तेथें कोणी जाऊन पोंचला आहे असें नव्हे. त्याच न्यायानें क्षम्य म्हणजे क्षमा करण्याजोगें. क्षमा झालेलें नव्हे. 'क्षंतव्य' हा त्याचाच सख्खा भाऊ. दोघांच्याही पोटीं एक अध्याहृत कर्ता आहे. क्षमा करण्याजोगें, पण कोणीं करण्याजोगें? हा प्रश्न शब्दाच्या घडणींतच आहे, आणि आपण तोच बहुधा विसरतों. त्याच्याकडे मागाहून वळूं.

या शब्दाचा पहिला विशेष असा कीं, तो दोष मान्य करतो. जेथें दोषच नाहीं तेथें क्षम्य म्हणण्यासारखें कांहीं उरत नाहीं. मुलगा तापानें फणफणला म्हणून त्याचा धडा पाठ झाला नाहीं, तर त्याची चूक क्षम्य आहे असें म्हणणें चुकीचें होय. कारण त्याची चूकच नाहीं. तो खेळांत रमला आणि धडा राहिला, तर ती चूक आहे, आणि ती क्षम्य आहे. कायद्याच्या भाषेंतही हा भेद राखलेला आढळतो. स्वतःच्या बचावासाठीं मर्यादेंत राहून केलेला प्रतिकार हा माफ केलेला गुन्हा नव्हे. तो मुळीं गुन्हाच नव्हे, असें १८६० ची भारतीय दंड संहिता म्हणत असे, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेली भारतीय न्याय संहिताही तेंच म्हणते. एवंच, निर्दोष माणसाला 'तुझें वागणें क्षम्य आहे' असें म्हणणें हा उदारपणा नव्हे. त्याच्या माथीं नसलेला दोष मारून वर आपण मोठेपणा घेतों. घरांतील सुनेला किंवा कचेरींतील कनिष्ठ कारकुनाला अशा तऱ्हेनें पुष्कळदां 'क्षमा' केली जाते, आणि ती त्यांना का बोचते याचें नवल वाटून घेणारेही आपणच असतों.

आतां याच्या शेजारचे शब्द पाहूं. कारण शब्दाची हद्द त्याच्या शेजाऱ्यांवरून कळते. 'माफी' हा शब्द अरबींतून फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशीं पुसून टाकण्याचा भाव आहे. शेतसारा माफ होतो, शाळेची फी माफ होते, दंड माफ होतो. येणें असलेली रक्कम वहींतून खोडली कीं माफी झाली. तींत मनाचा संबंध असलाच पाहिजे असें नाहीं. म्हणून 'फीची क्षमा' असें कोणी म्हणत नाहीं. 'दिलगिरी' हा शब्द फारशी. 'दिल' म्हणजे हृदय. तें ज्याचें धरलें गेलें, कोंदलें, तो दिलगीर, म्हणजे खिन्न. 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहों' असें फलकावर लिहिणारा आपण खिन्न आहों एवढेंच सांगतो; आपण चुकलों हें तो सांगत नाहीं, आणि तुमच्यापाशीं कांहीं मागतही नाहीं. 'गय' ही वरच्यानें खालच्याची करावयाची असते. 'कानाडोळा' करणारा पाहूनही न पाहिल्यासारखें करतो. त्यांत क्षमा नसून सोय असते.

या साऱ्यांत 'क्षमा' शब्दाशीं जीव जडलेला असा अस्सल मराठी प्रयोग एकच, आणि तो म्हणजे 'अपराध पोटांत घालणें'. ज्यांना संस्कृताचा गंधही नव्हता अशा आमच्या आज्यापणज्यांनीं हा प्रयोग नित्य वापरला. पोटांत घातलेली गोष्ट नाहींशी होत नाहीं. ती आंत राहते, पण बाहेरच्याला दिसत नाहीं, आणि जिनें ती पोटांत घातली ती तिचा भार वाहते. 'क्षम्' धातूचा सोसण्याचा अर्थ या प्रयोगांत जसाच्या तसा उतरला आहे. पुसण्याची ती माफी, आणि पोटांत घालण्याची ती क्षमा, इतका भेद ध्यानांत ठेवला तरी पुष्कळ झालें.

दुकानाच्या पावतीवर आणि हिशेबाच्या कागदावर 'चू. भू. द्या. घ्या.' अशीं अक्षरें आपण पाहतों. चूकभूल द्यावी घ्यावी, असा त्याचा अर्थ. हा करार मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांत चूक होणारच हें आधींच धरून चाललें आहे. मात्र ती झाली तर तिच्यावर पांघरूण घाला असें म्हटलेलें नाहीं. जास्त घेतलें असेल तर परत घ्या, कमी घेतलें असेल तर द्या, असें म्हटलें आहे. क्षम्य चूक ती हीच: जी हातून सहज घडते, आणि जी कळल्यावर भरून काढण्याची तयारी असते.

मग क्षम्य आणि अक्षम्य यांतली रेषा कोठें ओढावयाची? लहान अपराध क्षम्य आणि मोठा अपराध अक्षम्य, असा सोपा हिशेब आपण मनांत धरलेला असतो. थोड्या अंशीं तो खराही आहे. समंजस माणूस ज्याची तक्रार करणार नाहीं इतकी क्षुल्लक इजा गुन्हा ठरत नाहीं, असें न्याय संहितेचें ३३ वें कलम सांगतें. जुन्या दंड संहितेंत तें ९५ वें होतें. गर्दींत कोणाचा धक्का लागला म्हणून कोणी फौजदारी करूं नये, हा त्याचा हेतु. परंतु केवळ आकारानें काम भागत नाहीं. ज्या ज्या परंपरांनीं या प्रश्नाचा खोल विचार केला, त्यांनीं आकाराबरोबर जाणीवही मोजली आहे.

आपल्या धर्मशास्त्रांत महापातकें आणि उपपातकें अशी वांटणी आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ सालीं निघालेल्या चौथ्या खंडांत हा सारा विषय विस्तारानें मांडला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत नकळत घडलेलें पाप आणि जाणूनबुजून केलेलें पाप यांचीं प्रायश्चित्तें निरनिराळीं सांगितलीं आहेत. गंमत अशी कीं, त्याच अध्यायांतील उपपातकांच्या यादींत वेतन घेऊन वेद शिकविणें हेंही येतें. मी वेद शिकविला नाहीं, फक्त व्याकरण शिकविलें. तेव्हां त्या उपपातकांतून मी थोडक्यांत वांचलों असें म्हणावयास हरकत नाहीं. पण थट्टा बाजूस ठेवून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच ग्रंथांत एकाच अपराधाचें मोल करणाऱ्याच्या आणि सोसणाऱ्याच्या वर्णावरून बदलतें. एकाला जें क्षम्य तेंच दुसऱ्याला अक्षम्य, आणि तें ठरविणारा तिसराच कोणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाड येथें त्या ग्रंथाचें दहन झालें, त्यामागें जीं कारणें होतीं त्यांत हें एक मोठें कारण होतें. क्षम्य ठरविण्याचा अधिकार चुकीच्या हातीं गेला म्हणजे काय होतें, याचा याहून मोठा दाखला आपल्या इतिहासांत शोधावा लागणार नाहीं.

वसई आणि गोमंतक येथील आपले कॅथलिक बंधु ज्या परंपरेंत वाढले, तींतही पापांचे दोन वर्ग आहेत. एक आत्म्याला मारक, आणि दुसरें क्षम्य. या दुसऱ्याचें नांव 'वेनिया' या लॅटिन शब्दावरून पडलें. वेनिया म्हणजे अनुग्रह, क्षमा. पाप मारक ठरण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब गंभीर असली पाहिजे, करणाऱ्याला ती गंभीर आहे हें पुरतें ठाऊक असलें पाहिजे, आणि त्यानें ती स्वेच्छेनें केली पाहिजे. बाब गंभीर असूनही जाण किंवा इच्छा अपुरी असली, तर तें पाप क्षम्य वर्गांत येतें. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या काळीं विचार करणारीं माणसें येथें जवळजवळ एकाच ठिकाणीं आलीं, हें पाहून समाधान वाटतें. काय केलें एवढेंच विचारून भागत नाहीं. काय ठाऊक असतां केलें, आणि कोणत्या परिस्थितींत केलें, हेंही विचारावें लागतें.

शाळामास्तराला हें सारें शुद्धलेखनांत रोज भेटतें. मी हें भाषण जुन्या वळणानें लिहून आणलें आहे. माझ्या वडिलांनीं मला अक्षरें गिरवावयास शिकविलीं तीं अनुस्वारांसह. १९६२ च्या शुद्धलेखननियमांनीं न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्यापूर्वीं 'नाहीं' वरचें टिंब राहिलें तर मुलाला छडी बसे, आणि त्यानंतर तें टिंब दिलें तर तांबडी रेघ बसूं लागली. टिंब तेंच, मूल तसेंच, दोष मात्र उलटला. व्यासवाल्मीकींच्या काव्यांत पाणिनीच्या नियमांत न बसणारें रूप आलें तर पंडित त्याला 'आर्ष' म्हणतात आणि हात जोडतात. तसेंच रूप सातवीच्या मुलानें लिहिलें तर आम्ही गुण कापतों. मी नियमांची टवाळी करीत नाहीं; नियमांवांचून भाषा चालत नाहीं. पण नियमाचा भंग आणि माणसाला दिलेलें दुःख हे दोन निराळे दोष आहेत. पहिल्याचें मोजमाप नियमावरून होतें. दुसऱ्याचें मोजमाप ज्याला दुःख झालें तोच करूं शकतो.

येथें आपण मघाशीं बाजूस ठेवलेल्या प्रश्नाशीं आलों. क्षम्य कोणीं म्हणावें?

भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायांत विश्वरूप पाहून भ्यालेला अर्जुन श्रीकृष्णाची क्षमा मागतो, तो प्रसंग आठवा. आजवर मित्र समजून मी तुला नांवानें हांका मारल्या, थट्टा केली, बसतांना-जेवतांना मान राखला नाहीं. तुझा महिमा मला ठाऊक नव्हता, असें तो म्हणतो. त्याचा अपराध अज्ञानाचा आणि प्रेमाचा. याहून क्षम्य अपराध कोणता असेल? तरीही अर्जुन 'माझा अपराध क्षम्य आहे' असें म्हणत नाहीं. बाप जसें मुलाचें सोसतो, मित्र मित्राचें सोसतो, तसें तूं माझें सोसावेंस, असें तो म्हणतो. निवाडा तो समोरच्यावर सोपवितो. शिवाय मूळ श्लोकांतही सहन करण्याचेंच क्रियापद आहे, हें व्याकरणाच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. घरोघरीं पूजेच्या अखेरीस मंत्रांत, क्रियेंत, भक्तींत जें उणें राहिलें असेल त्याची क्षमा मागण्याची चाल आहे. तेथेंही उणेंपण पुजाऱ्यानें स्वतःच भरून निघालें असें मानावयाचें नसतें. तें देवापुढें ठेवावयाचें असतें.

आपले जैन शेजारी हेंच माणसामाणसांत करतात. दिगंबर पंथांत दशलक्षण पर्वांतील दहा धर्मांत 'उत्तम क्षमा' हा पहिला, आणि पर्वानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. श्वेतांबर पंथांत पर्युषणाची सांगता संवत्सरीनें होते. त्या दिवशीं लहानथोर सारे एकमेकांची क्षमा मागतात, ती केवळ आठवणाऱ्या अपराधांची नव्हे, तर न आठवणाऱ्यांचीही. आपल्या हातून कोणाचें काय दुखावलें हें आपल्याला पुरतें ठाऊक नसतें, ही कबुली त्या चालींत आहे.

कायद्यानेंही हें तत्त्व एका मर्यादेंत मानलें आहे. कांहीं गुन्हे आपसांत मिटविण्याजोगे असतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत त्यांची यादी होती, आणि आतां ती २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेंत ३५९ व्या कलमांत आहे. त्या यादींत गुन्ह्यासमोर तो कोणाला मिटवितां येईल हेंही लिहिलेलें असतें. साधी दुखापत असेल तर ज्याला दुखापत झाली त्याला. कोणाला वाटेंत बेकायदा अडविलें असेल तर ज्याला अडविलें त्याला. करणाऱ्याला तो अधिकार नाहीं. खुनासारखा गुन्हा त्या यादींतच नाहीं, कारण तेथें दुखावलेला समाजही असतो. आणि ज्याला मिटविण्याचा अधिकार होता तो मरण पावला असेल, तर त्याच्या कायदेशीर वारसाला न्यायालयाच्या संमतीनें तो वापरतां येतो.

हें शेवटचें कलम मला ठाऊक होण्याचें एक कारण घडलें. आतां माझें देणें सांगतों.

१९८२ सालची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गांवीं नुकताच नोकरीस लागलों होतों, आणि नव्या मास्तराला आपल्या अधिकाराची जितकी गोडी असते तितकी मला होती. सातवींतला एक मुलगा आठ दिवस गैरहजर राहून आला. त्यानें रजेची चिठ्ठी आणली. ताप आल्यामुळें शाळेंत येतां आलें नाहीं, असा मजकूर, आणि खालीं वडिलांची सही. मजकुराचें आणि सहीचें अक्षर एकच होतें, आणि तें त्या मुलाचें होतें. मीं विचारलें, "ही सही कोणाची?" तो म्हणाला, "बाबांची." मीं पुन्हा विचारलें, तो गप्प राहिला. मीं तांबड्या शाईनें त्या चिठ्ठीवर 'अक्षम्य अपराध' असे दोन शब्द लिहिले, ते सर्व वर्गाला वाचून दाखविले, आणि चिठ्ठी घरीं दाखवून आण म्हणून परत दिली. व्याकरणदृष्ट्या ते दोन्ही शब्द शुद्ध होते. वर्ष संपलें तसा तो मुलगा शाळा सोडून गेला, आणि मी ती गोष्ट विसरलों.

दोन वर्षांपूर्वीं एका लग्नांत पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ माझ्या पाया पडले. त्यांनीं ओळख सांगितली तेव्हां मला नांव आठवलें, चिठ्ठी आठवली नाहीं. ती त्यांनीं आठवण करून दिली, अगदीं शांतपणें. त्यांचे वडील मुंबईला गिरणींत होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबला, आणि पुढें कित्येक महिने वडिलांचें घरीं येणेंही झालें नाहीं. आई दुसऱ्यांच्या शेतावर जाऊं लागली, आणि काढणीच्या दिवसांत तिनें मुलालाही बरोबर नेलें. शाळेंत काय सांगावयाचें, असें त्यानें विचारलें तेव्हां ती म्हणाली, "ताप आला म्हणून लिही, आणि खाली बापाचं नांव घाल." तिला अक्षर येत नव्हतें.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुम्ही लिहिलेला शब्द मला कळला नव्हता. मी आईला विचारलं. तिलाही कळेना. मग शेजारच्या एका शिकलेल्या काकांना चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, ज्याला माफी नाही असा गुन्हा. त्या रात्री आई जेवली नाही. सही तिनं करायला सांगितली होती ना."

मी कांहीं वेळ बोललों नाहीं. मग मीं त्यांची क्षमा मागितली. मला वाटलें होतें, ते 'जाऊं द्या हो' म्हणतील, आणि आम्ही जेवावयास उठूं. ते म्हणाले, "माझ्यापुरतं म्हणाल तर मी ते केव्हांच पोटांत घातलं, गुरुजी. पण आईच्या वतीनं मी कसं सांगूं? तिला जाऊन बारा वर्षं झालीं."

पुढें मीं कायद्याचें पुस्तक उघडून पाहिलें, आणि वारसाला काय अधिकार आहे तें मला समजलें. परंतु त्या गृहस्थांनीं जो निवाडा दिला तो मला त्या कलमाहून बारीक वाटतो. मुलाची चूक होती. चिठ्ठींत खोटें होतें आणि सही खरी नव्हती, हें मी आजही म्हणेन. नाहींतर त्याला निर्दोष म्हणून मी पुन्हा शब्दाचा गैरवापर करीन. पण ती चूक क्षम्य होती, तिच्या प्रत्येक अक्षरासह क्षम्य होती, आणि मीं न विचारतां तिला अक्षम्य म्हटलें. विचारण्यास एक मिनिट पुरलें असतें. माझी स्वतःची चूक क्षम्य होती कीं नाहीं, हें सांगण्याचा अधिकार ज्या बाईला होता ती आतां नाहीं. तेव्हां मी तिच्यापुढें तो शब्द लावीत नाहीं.

या शब्दाच्या उपयोगासंबंधीं चार सूचना करून मी थांबेन. एक: 'क्षम्य' आणि 'क्षम', 'अक्षम्य' आणि 'अक्षम' यांची गल्लत करूं नये. अक्षम अधिकारी म्हणजे काम न येणारा अधिकारी. अक्षम्य असतें तें त्याचें वर्तन. दोन: 'क्षमस्व' हें संस्कृत आज्ञार्थी रूप आहे, 'तूं क्षमा कर' असा त्याचा अर्थ, म्हणून 'मी क्षमस्व आहे' असें अलीकडे ऐकूं येतें तें सर्वस्वीं अशुद्ध होय. तीन: 'अक्षम्य' हें विशेषण जोर आणण्यासाठीं सैल हातानें वापरूं नये. त्याचा अर्थ 'फार मोठें' असा नाहीं. ज्याला सोसणें कोणालाही शक्य नाहीं आणि योग्यही नाहीं, असा आहे. नळाचें पाणी एक दिवस उशिरा आलें तर तें त्रासदायक म्हणावें. अक्षम्य हा शब्द खऱ्या प्रसंगासाठीं राखून ठेवावा. आणि चार: दुसऱ्याच्या चुकीला क्षम्य म्हणावयाचें असेल तर ती आपल्याला लागली आहे ना, एवढें पाहावें, आणि मग मोकळ्या मनानें म्हणावें. आपल्या चुकीला मात्र आपण 'चूक' म्हणावें, आणि पुढचें विशेषण समोरच्यासाठीं कोरें सोडावें. तें मागावयाचें असेल तर फार वेळ थांबूं नये. ऐकणारें माणूस घरांत आहे तोंवर मागून घ्यावें.

माझ्या बोलण्यांत शब्दांची वा अर्थाची कांहीं चूकभूल झाली असल्यास ती जाणत्यांनीं मला कळवावी. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.